पेडलचा ढिलेपणा काढू नका

पुण्याजवळ मांजरी-फुरसुंगीकडे जुना ट्रॅक्टर चढाला दम टाकू लागला, की हमखास ऐकू येतं: "क्लचचं पेडल ढिलं झालंय, पेडलचा रॉड आवळा, क्लच घट्ट धरेल." हे साफ उलटं आहे.

क्लचप्लेट झिजते तशी तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या जड चाकाकडे) सरकते आणि तिची बोटं (दाब सोडवणाऱ्या पट्ट्या) मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात; पेडल दाबलं की हेच बेअरिंग बोटांना ढकलतं. म्हणजे झिजेने पेडलचा ढिलेपणा वाढत नाही, कमी होतो. उरलासुरला तुम्हीच आवळून काढला, तर बेअरिंग सतत बोटांवर टेकून राहतं, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, घसरतो आणि जळतो.

इंजिन बंद करून पेडल हाताने दाबा: आधी हलकं जातं, मग जड लागतं. तो हलका भाग, म्हणजे पेडलचा ढिलेपणा, अनेक जुन्या ट्रॅक्टरांत साधारण 20 ते 25 मिमी हवा. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. तेवढा असूनही घसरत असेल, तर क्लचच्या हाऊसिंगच्या (बाहेरच्या आवरणाच्या) तळाच्या भोकाला हाताचं बोट लावा. तेल लागलं, तर आधी तेल अडवणारं सील बदला. नाहीतर नवी प्लेटही भिजेल.