अर्ध्या हंगामाचे दीडशहाणे

२३ जानेवारी २०१५. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये शुक्रवारची रात्र होती. आपल्याकडे शनिवार उजाडून चहाचे कप विसळून झाले होते. एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगचा सामना, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, चारांतला तिसरा क्वार्टर. वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने शॉट टाकला, गेला. पुन्हा टाकला, गेला. मग तो थांबेचना. बारा मिनिटांच्या त्या क्वार्टरमध्ये त्याने १३ शॉट घेतले आणि तेराच्या तेरा बास्केटमध्ये गेले. त्यांतले ९ तीन गुणांच्या रेषेमागून, म्हणजे लांबून, जिथून शॉट गेला की दोनऐवजी तीन गुण मिळतात. फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो धरून ३७ गुण. एनबीएमध्ये तोवर एका क्वार्टरमध्ये इतके गुण कोणीच केले नव्हते. शेवटी शेवटी तर चेंडू ज्याच्या हातात येई तो मुकाट थॉम्पसनला शोधायचा.

(ज्यांची ही धुलाई झाली त्या किंग्जचे मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा. किंग्ज विकत घेण्याआधी ते वॉरियर्सचेच भागीदार होते. कोणाच्या नशिबी काय येईल!)

अशा रात्रीनंतर चाहत्यांच्या गप्पांना ऊत येतो. एनबीएचे ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, ऑक्टोबर ते एप्रिल. जानेवारीत चाळीसेक सामने उरकलेले असतात. ठाम मत बनवायला भरपूर आणि ते सिद्ध करायला अपुरे. मग 'हा आता सुपरस्टार झाला', 'तो संपला', 'कोच बदला' असे निकाल भराभर लागतात. या निकालांतला खेळाडूचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, हे मोजायचा प्रयत्न शास्त्रज्ञ चाळीस वर्षं करताहेत. गंमत म्हणजे त्यात खुद्द शास्त्रज्ञच एकदा सपशेल फसले.

कॅरमवर एखाद्याने लागोपाठ चार सोंगट्या घेतल्या की बाजूचा म्हणतो, 'आज याचा हात लागलाय.' बास्केटबॉलवाले यालाच 'हॉट हँड' म्हणतात. दोन-तीन शॉट गेले की पुढचा जाण्याची शक्यता वाढते, असा हा समज. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी तो तपासायला घेतला. आधी त्यांनी १०० चाहत्यांना विचारलं. ९१ जणांना तो पटत होता. मग फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या एनबीए संघाचे १९८०-८१ च्या हंगामातले घरच्या मैदानावरचे सामने तपासले. लागोपाठ तीन शॉट गेल्यावर पुढचा जाण्याचं प्रमाण निघालं ४६ टक्के. आणि लागोपाठ तीन हुकल्यावर? ५६ टक्के! म्हणजे उलटंच. त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंना रिकाम्या मैदानावर प्रत्येकी १०० शॉट मारायला लावले, तिथेही हात लागल्याचं काही दिसेना. निष्कर्ष असा, की हॉट हँड हा भास आहे. आपल्याला योगायोगातही नक्षी दिसते.

बोस्टन सेल्टिक्सला प्रशिक्षक म्हणून नऊ विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रेड ऑरबॅक यांनी हे ऐकलं आणि सरळ उडवून लावलं. पुढची तीस वर्षं अभ्यासक मंडळी ऑरबॅकना अडाणी समजून गालातल्या गालात हसत राहिली. मीही त्यातलाच. हा किस्सा मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत असे.

आता खिशातून एक रुपयाचं नाणं काढा.

ते तीनदा उडवायचं आणि निकाल ओळीने लिहायचा. छापा म्हणजे 'छा', काटा म्हणजे 'का'. एकूण आठच ओळी होऊ शकतात: छाछाछा, छाछाका, छाकाछा, छाकाका, काछाछा, काछाका, काकाछा, काकाका. प्रत्येक ओळीत बघायचं, की छाप्यानंतर लगेच जे पडलं त्यात छापे किती टक्के? शेवटच्या दोन ओळी बाद, कारण त्यांत छाप्यानंतर काही पडलेलंच नाही. उरलेल्या सहांचं उत्तर अनुक्रमे १००, ५०, ०, ०, १०० आणि ० टक्के. सहांची सरासरी काढा. ५० यायला हवी ना? येते जेमतेम ४२.

नाणं खोटं नाही. सगळ्या ओळी एकत्र ओतून मोजलं तर छाप्यानंतरच्या ८ वेळांपैकी ४ वेळा छापा आहे, बरोबर निम्मे. पण आपण आधी ओळीगणिक टक्के काढले आणि मग सरासरी. त्या हिशेबात दोनदा छाप्यामागे छापा आणणाऱ्या 'छाछाछा'ला वजन एकाच ओळीचं मिळालं, आणि एकदाच काटा दाखवणाऱ्या 'छाकाका'लाही तेवढंच. छापे जिथे दाटीवाटीने आले तिथेच त्यांचं मोल कमी झालं.

१९८५ चा अभ्यास अडकला तो इथेच. एकेका खेळाडूच्या मर्यादित शॉटांमधून 'लागोपाठ तीन गेल्यानंतरचे' शॉट वेगळे काढले की टक्केवारी आपोआप खाली घसरते. ज्याला हॉट हँड अजिबात नाही त्याचा आकडा मुळात कमीच दिसायला हवा. तो नेहमीइतकाच दिसला, तर हात लागल्याचा तो पुरावाच ठरतो! जोशुआ मिलर आणि ॲडम सानहुर्हो या दोन अर्थतज्ज्ञांनी ही चूक पकडली. त्यांचा लेख 'इकोनोमेट्रिका' या नियतकालिकात २०१८ साली छापून आला. कॉर्नेलचेच जुने आकडे ही चूक सुधारून मांडल्यावर त्यांत हॉट हँड चांगला ठसठशीत निघाला. नाणं तीनदा उडवण्याइतकी साधी गोष्ट, पण नामवंतांच्या नजरेतून तीस वर्षं निसटली.

प्रत्यक्ष सामन्यात आणखी एक भानगड असते. ज्याचे दोन-तीन शॉट गेले त्याला प्रतिस्पर्धी मोकळं सोडत नाहीत, आणि तोही चेकाळून लांबून, अंगावर माणूस असताना शॉट टाकतो. २०१२-१३ च्या हंगामात मैदानांवर छताला बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले ८३,००० हून अधिक शॉट संशोधकांनी तपासले, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. शॉटची अवघडता हिशेबात धरली की हॉट हँड उरतो, पण एक-दोन टक्क्यांचा. म्हणजे चाहते बरोबर होते, फक्त त्यांच्या आवाजाइतके नाही.

आणि थॉम्पसनचे सलग नऊ? त्या हंगामात त्याने तीन गुणांचे ५४५ शॉट घेतले, त्यांतले २३९ गेले. साधारण ४४ टक्के. निव्वळ नशिबावर सोडलं तर असे ठरावीक नऊ शॉट ओळीने जाण्याची शक्यता सोळाशेंत एक. पण ५४५ शॉटांच्या रांगेत कुठेतरी नऊची माळ लागण्याची शक्यता सहात एक आहे, म्हणजे तशी काही अचाट नाही. ती बारा मिनिटांत लागली आणि सोबत दोन गुणांचे चारही गेले, हे मात्र निव्वळ नाण्यावर ढकलायला माझं मन धजत नाही.

वादाचा दुसरा नमुना जास्त फसवा असतो. 'या वर्षी पोरगा सुधारलाय, तीनचे शॉट ४३ टक्के जाताहेत.' समजा तो सामन्याला असे पाच शॉट घेतो. ४१ सामन्यांत झाले २०५. त्याची खरी कुवत लीगच्या सरासरीइतकी, म्हणजे ३६ टक्के असेल, तर २०५ शॉटांनंतर कागदावर २९ पासून ४३ पर्यंत काहीही दिसू शकतं, तेही काडीचा बदल न होता. ४३ वाल्याला चाहते डोक्यावर घेतात, २९ वाला बाकावर बसतो. दोघं एकच असू शकतात! एप्रिलपर्यंत आकडा ३६ कडे सरकला की ४३ वाल्याबद्दल म्हणायचं 'डोक्यात हवा गेली', आणि २९ वाल्याबद्दल 'कोचने कान पिळले'. हवा आणि कान दोन्ही निर्दोष असतात.

संघांचंही तेच. अगदी मध्यम दर्जाचा, प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा असलेला संघ ४१ सामन्यांत १४ जिंकला काय नि २७ जिंकला काय, आश्चर्य वाटायचं कारण नाही.

मायामी हीटचा २०१६-१७ चा हंगाम मला म्हणूनच फार आवडतो. पहिल्या ४१ सामन्यांत ११ विजय, ३० पराभव. जानेवारीच्या मध्यावर या संघाचं श्राद्ध घालून झालं होतं. मग लागोपाठ १३ विजय आले, आणि उरलेल्या ४१ सामन्यांत ३० विजय, ११ पराभव. आरशात बघितल्यासारखं. बेरीज ४१-४१. शिकागोशी बरोबरी झाली आणि बरोबरी सोडवायच्या नियमात मायामीचा प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची पुढची फेरी, हुकला. आता, नाण्याने ४१ पैकी ११ किंवा त्याहून कमी विजय देणं हजारात दोन-तीनदाच घडतं. तेव्हा हा सगळा योगायोग म्हणता येत नाही. दुखापती होत्या, माणसं परतली, घडी बसली. प्रश्न एवढाच, की खरा संघ कोणता, ११ वाला की ३० वाला?

व्यवस्थापनाने ३० वाल्यावर पैसे लावले. त्या उन्हाळ्यात डियॉन वेटर्सला चार वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर आणि जेम्स जॉन्सनला ६ कोटी. पुढच्या हंगामात मायामीचे विजय ४४, पराभव ३८.

रणदिवेंचे किंग्ज पुढे मुंबईतही येऊन गेले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम, हंगामपूर्व सामने, समोर दोन्ही दिवस इंडियाना पेसर्स. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलं हजारोंनी आली होती. त्यांनी पाहिलं ते असं: जादा वेळेत गेलेला सामना आणि १३२-१३१, किंग्ज फक्त एका गुणाने हरले. दुसऱ्या दिवशी ज्यांनी तिकिटं काढली त्यांच्या वाट्याला आला किंग्जचा १३०-१०६ असा सपाटून पराभव. किंग्ज कसा संघ आहे हे त्या आठवड्यात मुंबईत विचारलं असतं, तर उत्तर कोण कुठल्या दिवशी गेलं होतं यावर ठरलं असतं.