तळपायाचा नकाशा आणि श्वासाची नळी

गेल्या दिवाळीत सेलूला आत्याकडे गेलो, तेव्हा ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला एक लॅमिनेट केलेला तक्ता दिसला. त्यावर दोन तळपाय काढलेले होते आणि त्यांत रंगीत ठिपके होते: अंगठ्याच्या टोकाला मेंदू, कमानीच्या मध्यावर मूत्रपिंड, टाचेत कंबर आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर निळ्या रंगात फुप्फुस. गावात भरलेल्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या, म्हणजे तळपायावरचे ठिपके दाबून अवयवांचे आजार बरे करण्याच्या, एका शिबिरात तो तिला लाकडी रुळासोबत मिळाला होता. सोयाबीनची मळणी नुकतीच उरकली होती, खळ्यावरचा भुसा अजून हवेत होता, आणि वीस वर्षांपासून दमा असलेली आत्या सकाळ-संध्याकाळ बाजेवर बसून तो रूळ तळपायाच्या त्या निळ्या भागाखाली फिरवत होती. तिचा पंप देवळीत काडेपेटीच्या मागे पडला होता. "पंपाची सवय लागते म्हणतात. हे बरं, काही पोटात जात नाही. आणि दाबलं की मोकळं वाटतं रे," ती म्हणाली.

तिला मोकळे वाटत होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र मोकळे वाटणे आणि श्वासनलिका मोकळ्या होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दम्यात त्यांची गल्लत झाली तर ती जिवावर बेतू शकते.

तळपाय चोळणे आपल्याकडे नवे नाही. काशाच्या वाटीने तूप किंवा खोबरेल लावून पाय घासून घेतल्यावर लागणारी झोप मराठवाड्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. अवयवांचा नकाशा ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तो ऋषिमुनींनी सांगितला असे जे शिबिरांत ऐकायला मिळते ते खरे नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यात कोठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातील दुसऱ्या भागावर परिणाम होतो, असे 1917 साली पुस्तकरूपाने मांडले. पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन फिजिओथेरपिस्ट बाईंनी ही कल्पना पावलांवर आणली आणि आज दिसतो तसा नकाशा तयार केला. नकाशा नवा आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही, जसा तो जुना असता तर बरोबर ठरला नसता. ठिपक्यापासून फुप्फुसापर्यंत जाणारी वाट शरीरात आहे का, एवढेच पाहायचे.

शरीरात दूरच्या दोन जागा खरोखर जोडलेल्या असतात. हृदयविकाराची कळ डाव्या हातात उतरते, कारण हृदयाकडून येणाऱ्या आणि हाताच्या आतल्या बाजूकडून येणाऱ्या चेता मज्जारज्जूच्या लगतच्या आणि काही अंशी त्याच पातळ्यांत शिरतात, आणि संदेश नेमका कोठून आला याबद्दल मेंदूची फसगत होते. श्वासपटल चिडले की खांदा दुखतो, कारण श्वासपटलाची चेता मानेतून, म्हणजे खांद्याच्या त्वचेच्या चेता जिथून निघतात तिथूनच, निघते. हा खरा नकाशा आहे आणि तो विच्छेदन करून पडताळता येतो. आता तळपायाची वाट पाहू. तेथील स्पर्श पोटरीतून आणि मांडीमागच्या सायटिक चेतेतून वर चढतो, मज्जारज्जूच्या अगदी खालच्या भागात शिरतो आणि तेथून मेंदूत जातो. फुप्फुसाचा कारभार मात्र मेंदूच्या देठातून थेट निघणाऱ्या व्हेगस चेतेकडे आणि छातीच्या वरच्या मणक्यांतून निघणाऱ्या तंतूंकडे असतो. तळपाय आणि फुप्फुस यांची मज्जारज्जूत एकाही थांब्यावर गाठ पडत नाही. त्या उंचवट्यावर दाबले की दुखते, तेव्हा फुप्फुसात बिघाड आहे असे सांगितले जाते. पण चालताना शरीराचा भार ज्या हाडांच्या टोकांवर पडतो ती तिथेच आहेत, त्यामुळे दिवसभर अनवाणी शेतात वावरणाऱ्या कोणाचाही तो भाग दुखेल.

आता नळीकडे येतो, कारण दमा समजायचा तर नळी समजली पाहिजे, आणि मला स्वतःला शरीरशास्त्रातले हे प्रकरण सर्वांत अधिक आवडते. मुख्य श्वासनलिका छातीत दुभंगते, त्या दोन फांद्या पुन्हा दुभंगतात, आणि असे सुमारे 23 वेळा होत होत हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते. मधल्या आणि बारीक फांद्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायूंची कडी असतात. दम्यात तिन्ही बाजूंनी अडचण होते: कडी आवळतात, आतले अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. यावर गणित असे आहे की नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रक्ताचा प्रवाह समजून घेण्यासाठी बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून पाहणाऱ्या पॉइझय या फ्रेंच वैद्याने हा नियम 1840 च्या सुमारास मांडला. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो 16 पट होतो. त्रिज्या केवळ वीस टक्क्यांनी घटली तरी विरोध सुमारे 2.4 पट होतो. ठिबकच्या नळीत क्षारांचा थर साचला की शेवटच्या झाडाला पाणी का पोहोचत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला थोड्याशा अरुंदपणाची किंमत निराळी सांगावी लागणार नाही.

श्वास आत घेताना छाती फुगते आणि नळ्याही थोड्या ताणल्या जाऊन रुंदावतात. सोडताना छातीतला दाब वाढतो आणि आधीच अरुंद झालेल्या नळ्या अधिक दबतात. म्हणून दमेकऱ्याला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणे जड जाते आणि शीळ बहुधा श्वास सोडताना ऐकू येते. पूर्ण बाहेर न पडलेली हवा आत साचत जाते, फुप्फुसे फुगलेली राहतात, घुमटासारखे असलेले श्वासपटल सपाट होते आणि सपाट स्नायूला पुढचा श्वास ओढायला जोर उरत नाही. आराम देणाऱ्या पंपातले साल्ब्युटामॉल हे औषध स्नायूंच्या कड्यांवरील बीटा-2 नावाच्या ग्राहकांना (पेशीवरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटते, पेशीच्या आत सायक्लिक एएमपी या रेणूचे प्रमाण वाढते, त्यामुळे कॅल्शियमची पातळी उतरते आणि कडे सैल पडते. गंमत अशी की माणसाच्या श्वासनलिकांच्या स्नायूंत नळी रुंदावणाऱ्या अनुकंपी (सिंपथेटिक) चेतांचे तंतू फारच विरळ असतात; हे ग्राहक मुख्यतः रक्तातून वाहत येणाऱ्या ॲड्रेनलिनची वाट पाहत बसलेले असतात. म्हणजे तळपायाकडून एखादा आदेश कसाबसा वर पोहोचला असता, तरी या चेतांतून कडे सैल करायला जाणारी सरळ तार जवळजवळ नाहीच. शिवाय अस्तराची सूज हा पेशींचा आणि रसायनांचा मामला आहे. ती श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडने काही दिवसांत किंवा आठवड्यांत हळूहळू उतरते.

शास्त्राने हे नुसते तर्काने नाकारलेले नाही, करूनही पाहिले आहे. डेन्मार्कमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याच्या 40 रुग्णांपैकी निम्म्यांना दहा आठवडे खरी रिफ्लेक्सॉलॉजी दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी लटकी. फुप्फुसांच्या मोजमापात बदल झाला नाही. रुग्णांना वाटणारा त्रास मात्र दोन्ही गटांत सारखाच कमी झाला. ब्रिटनमध्ये त्याच्या एक वर्ष आधी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 18 जणांचे आजार लपवून उपचारकांना केवळ पाय तपासून निदान करायला सांगितले होते; त्यांचे निदान अंदाजपंचे केलेल्या निदानापेक्षा सरस ठरले नाही.

या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग मात्र पायाविषयी नाही. अमेरिकेत 2011 मध्ये दम्याच्या रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी खरा पंप, औषध नसलेला पंप, लटके ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, अशा चार अवस्थांतून नेले. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा खऱ्या पंपाने सुमारे 20 टक्क्यांनी वाढली आणि इतर तिन्हींत सुमारे 7 टक्क्यांनीच. रुग्णांना विचारले तेव्हा खऱ्या पंपाने सुमारे 50, रिकाम्या पंपाने 45, लटक्या सुयांनी 46 आणि काही न करता 21 टक्के बरे वाटल्याचे त्यांनी सांगितले. छातीला फरक कळत होता, रुग्णाला कळत नव्हता. याचे कारण, धाप लागल्याची जाणीव मेंदू अनेक धाग्यांतून विणतो: श्वासाच्या स्नायूंवरचा ताण, रक्तातला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याबरोबर भीती. कोणी मायेने पाय चोळले की भीती ओसरते, श्वासाची गती उतरते, उच्छ्वासाला जास्त वेळ मिळतो आणि थोडी साचलेली हवा बाहेरही पडते. आत्याला लाभत होते ते एवढे होते, आणि ते खोटे नव्हते. पण आवळलेले कडे आवळलेलेच राहते. जीवघेण्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांत धाप जाणवण्याची क्षमताच मंद असल्याचे 1994 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले आहे. झटका फार तीव्र झाला की शीळ वाजायचीही थांबते, कारण शीळ वाजवण्याइतकी हवाच हलत नाही; घरच्यांना वाटते उतार पडला, आणि नेमकी तीच वेळ रुग्णालय गाठण्याची असते.

मृग नक्षत्रावर हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळणारे आणि कोजागिरीला दम्याची खीर घेणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. दमा ऋतूबरोबर चढतो आणि उतरतो. माणूस उपाय शोधतो तो त्रास शिगेला असताना, आणि शिगेनंतर उतारच येतो. त्या उताराचे श्रेय मासा, खीर किंवा रूळ यांना मिळते आणि पंप देवळीत जातो. पंपाची सवय लागते हे तर अगदीच चुकीचे आहे: साल्ब्युटामॉलची एक गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबातून 100 मायक्रोग्रॅम म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतके औषध निघते, तेही जिथे हवे तिथेच. रोज घ्यायचा सूज उतरवणारा पंप वेगळा असतो, आणि केवळ आराम देणाऱ्या पंपावर दमा भागवू नये असा 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' (जीना) या जागतिक तज्ज्ञगटाचा 2019 पासूनचा सल्ला आहे.

भाऊबीजेनंतर मी परभणीहून पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोराची आहे ते मोजणारे साधन, आणला. प्लास्टिकची वीतभर नळी, त्यावर आकडे आणि फुंकरीबरोबर सरकणारा लाल काटा. आत्याने तीनदा फुंकले, सर्वांत चांगला आकडा 190. वीस मिनिटे रूळ फिरवल्यावर तिला हुशारी वाटू लागली होती, आकडा 190. मग स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंपाचे दोन दाब, आणि पंधरा मिनिटांनी 260. एका माणसाचे एका दिवसाचे मोजमाप हा पुरावा नव्हे, पुरावा वर दिला आहे. पण तिने काट्यावर बोट ठेवून तो आकडा दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रोजचा पंप पुन्हा ठरवून घेतला.

आता तिचे दोन्ही पंप चष्म्याच्या डबीशेजारी असतात आणि सकाळचा आकडा ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहिते. रात्री पंप घेऊन, चूळ भरून झाली की नात काशाची वाटी घेऊन तिच्या पायथ्याशी बसते.