तापलेली तार, चार मोटरी: स्वस्त फोम कटर कुठून आला

गरम तारेने थर्माकोल कापणं नागपूरला नवं नाही. गणपतीची मखरं, लग्नाच्या स्टेजवरची नावं वर्षानुवर्षं अशीच कापली गेली: धनुकलीसारखी लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार, शेजारी ट्रान्सफॉर्मर. 2018 मध्ये राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि त्या कामाला उतरती कळा लागली. तीच तार आता एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी विमानं बांधण्याचा छंद करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या टेबलावर दिसते. फरक एवढाच, की तिची टोकं मोटरी ओढतात.

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये ही पद्धत रुळवली ती अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी. 1975 मध्ये उडालेल्या त्यांच्या व्हॅरीईझीचे पंख म्हणजे तारेने कापलेला फोमचा गाभा आणि वर काचकापड-इपॉक्सी. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखाच्या छेदाचे (पंख आडवा कापला तर दिसेल त्या आकाराचे) फर्मे ठोकायचे, फर्म्यांवर क्रमांक आखायचे, तारेच्या दोन टोकांना दोन माणसं. एकाने आकडा पुकारायचा, त्याच क्षणी दुसऱ्याची तार त्याच आकड्यावर हवी. पंखाच्या मुळाशी फर्मा 240 मिमी आणि टोकाशी 160 मिमी असेल, तर टोकाकडच्याने तेवढ्याच वेळात दोन-तृतीयांश अंतर कापायचं. एक जण मागे पडला की तिथे छेद बिघडलाच. फर्मे जरा तिरके लागले तर पंखाला पीळ, आणि डाव्या-उजव्या पंखांचा पीळ जुळला नाही तर विमान एका बाजूला कलतं.

संगणकाने घेतलं ते हे आकडे पुकारण्याचं काम. दोन्ही टोकांना आडवी-उभी हालचाल हवी, म्हणून मोटरी चार. कारखान्यातल्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रांत हे तंत्र आधीपासून होतं, परवडत नव्हतं. 2005 मध्ये रेपरॅप हा खुला थ्रीडी प्रिंटर प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आला, 2009 मध्ये त्यावरून मोटरी हलवणारं ग्रबल हे मोफत फर्मवेअर. प्रिंटरमुळे नेमा-17 मापाच्या, छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटरी आणि त्यांना चालवणारे ए4988 ड्रायव्हर नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानात मागावेत इतके सामान्य झाले. मूळ ग्रबल तीनच अक्ष, म्हणजे तीनच स्वतंत्र हालचाली, चालवतं. म्हणून आर्डुइनो मेगा या मोठ्या बोर्डावर मोटरी जोडायचा रॅम्प्स बोर्ड लावतात आणि प्रिंटरमध्ये प्लास्टिक ढकलणाऱ्या मोटरच्या ई0 सॉकेटवर चौथा अक्ष बसवतात.

स्वस्ताईचं खरं कारण मात्र वेगळं. तार फोमला टेकण्याआधीच तो वितळतो, म्हणजे कापताना जोर जवळपास लागतच नाही. लाकूड कोरणाऱ्या राउटरला लागते तशी जड चौकट इथे नकोच. प्लायवुड आणि ड्रॉवरचे चॅनेल पुरतात. 8 मिमी लीडचा (एका फेरीत 8 मिमी सरकवणारा) टी-8 स्क्रू, फेरीला 200 स्टेपची मोटर आणि 1/16 मायक्रोस्टेप (एका स्टेपचे 16 भाग) धरले तर मिलिमीटरला 400 स्टेप येतात. हार्डवेअरमधली एम-8 आटेवाली सळई घेतली तर पिच, म्हणजे फेरीला सरक, 1.25 मिमी, म्हणजे मिलिमीटरला 2560 स्टेप. पैसे वाचतात, पण मशीन संथ होतं आणि नटचा ढिलेपणा पाठ सोडत नाही.

कोडने उष्णतेचा प्रश्न सुटला नाही, तो रुटानच्या काळात होता तसाच आहे. 0.4 मिमी नायक्रोमचा रोध मीटरला पावणेनऊ ओहम. 2 अँपिअरला साडेसतरा व्होल्ट, 35 वॉट. मीटरभर तार 250 अंशांनी तापली की साडेतीन मिमी लांबते, त्यामुळे एका टोकाला स्प्रिंग नसेल तर ती लोंबणारच. वेग जास्त ठेवला तर तारेचा मधला भाग मागे राहतो, आणि पंखाच्या पुढच्या कडेला वळताना तो कोपरा चोरतो: दोन्ही टोकांचे छेद बरोबर, मधलं नाक बारीक. निमुळत्या पंखात टोकाकडे तार सावकाश चालते, म्हणून तिथे फोम जास्त वितळतो. जेडिकटसारख्या फोम कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही भरपाई देता येते, पण आकडा आपल्याच फोमच्या तुकड्यावर कापून मोजावा लागतो. पॉलियुरेथेन फोम या मशीनवर चढवूच नये, त्याचा धूर विषारी असतो. पॉलिएस्टर रेझिनही नको, थर्माकोल विरघळतो.

ट्रान्सफॉर्मरला डिमर लावून तार तापवायची जुनी रीत इथे उन्हाळ्यात दगा देते. दुपारी व्होल्टेज खाली-वर झालं की कापाची रुंदी बदलते. त्यापेक्षा 24 व्होल्टचा एसएमपीएस (स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा) आणि मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचवर पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून उष्णता ठरवण्याची रीत) बरा. आणि कूलरचा झोत तारेवर आडवा येऊ देऊ नये: वारा लागतो तेवढाच भाग थंड पडतो, पंखावर तिथे उंचवटा येतो, आणि शोध मात्र कोडमधल्या चुकीचा सुरू राहतो.