८५, ६०, ८०: इयरफोनच्या आकड्यांची कुळकथा

तांबट पक्ष्याला नाव मिळालं ते तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरावरून. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी जवळून ऐकली आहे, त्यांना त्या एकसुरी ‘टुक टुक’चं साम्य सांगावं लागत नाही. मोठ्या आवाजाने कान जातो हे वैद्यकाने लिहून ठेवलं, तेही तांबटांमुळेच. १७०० साली बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसच्या तांबटांबद्दल नोंद केली: हे लोक एकाच वस्तीत राहतात, दिवसभर ठोकतात, हळूहळू कमी ऐकू लागतात आणि याच धंद्यात म्हातारे झाले तर ठार बहिरे होतात.

आज इयरफोनबद्दल जे आकडे फिरतात (८५ डेसिबल, ६० टक्के आवाज, ६० मिनिटं, आठवड्याला ४० तास) ते जन्माने इयरफोनचे नाहीतच, निदान बहुतेक तरी नाहीत. ८५ आणि ४० कारखान्यातून आले आहेत, ६०-६० जुन्या सीडी प्लेअरवरून. कुठला आकडा कुणासाठी आणि कशासाठी ठरला हे माहीत नसलं की त्याचा अर्थ चुकतो.

रामाझिनीनंतर जवळजवळ एकशे नव्वद वर्षं नेमकं मोजमाप फारसं कुणी केलं नाही. ते केलं ग्लासगोच्या थॉमस बार या कानाच्या डॉक्टरने. १८८६ मध्ये त्याने बॉयलर बनवणारे १०० कामगार तपासले आणि त्यांच्याशी तुलना करायला ओतकाम करणारे १०० आणि टपाल वाटणारे १०० लोक घेतले. साधन साधंच: खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते. बॉयलरवाल्यांपैकी एकाचाही कान धड निघाला नाही. सुमारे ७५ जणांना सभेत चाललेलं भाषण नीट ऐकू येत नव्हतं. रिव्हेट ठोकताना बॉयलरच्या आत बसून मागून आधार देणाऱ्या माणसाची अवस्था सगळ्यात वाईट. ‘बॉयलरवाल्याचं बहिरेपण’ हा शब्दप्रयोग पुढे अनेक वर्षं वैद्यकात चालत राहिला.

१९२० च्या दशकात विजेवर चालणारे ऑडिओमीटर (कुठल्या पट्टीचा आवाज किती कमी ऐकू येतो ते मोजणारी यंत्रं) आले आणि हे बहिरेपण कागदावर दिसू लागलं. त्याची खूण ठरलेली असते. ऐकण्याचा आलेख ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप) आसपास खड्ड्यात जातो आणि ८००० ला पुन्हा थोडा वर येतो. वयोमानाने कान जातो तेव्हा आलेख शेवटाकडे उतरतच जातो, असा खड्डा पडून सावरत नाही. खड्डा तिथेच का, याचं उत्तर बरंचसं कानाच्या बांधणीत आहे. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब. एका टोकाला बंद असलेली एवढी नळी ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज पडद्यापर्यंत पोचतो तोच वाढून. आणि आतल्या कानात सर्वाधिक इजा होते ती मूळ आवाजापेक्षा थोड्या वरच्या पट्टीला.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, केसपेशी असतात. बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००, आतल्या रांगेत सुमारे ३,५००. एका कानाची जन्मभराची शिदोरी एवढीच. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर नव्या येतात, हे १९८० च्या दशकात दिसलं. माणसात येत नाहीत. त्यामुळे तांबट पक्षी या बाबतीत तांबटापेक्षा नशीबवान.

४००० हर्ट्झच्या खड्ड्याचा त्रास मराठी ऐकणाऱ्याला कसा होतो ते सांगायला हवं, कारण पुष्कळांना तो बहिरेपणा वाटतच नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, च, थ, फ ही वरच्या पट्टीची व्यंजनं विरतात. ‘साठ’मधला स गेला की ‘आठ’ उरतो, ‘सात’चं ‘आत’ होतं. घरात, समोरासमोर, ओठ दिसत असताना चालून जातं. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा फोनवर आकडे घेताना गोची होते, आणि माणूस म्हणतो, ‘हल्ली लोक पुटपुटतात.’

आता आकड्यांकडे. किती आवाज किती वेळ चालेल, हा प्रश्न सरकारांनी हाती घेतला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेने १९६९ मध्ये सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कारखान्यांसाठी ९० डेसिबल, ८ तास ही मर्यादा घातली. तिथे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. भारतातल्या कारखाना नियमांतही हाच ९० चा तक्ता आला. पण भौतिकशास्त्राच्या हिशेबाने आवाजाची ऊर्जा ३ डेसिबलला दुप्पट होते, ५ ला नव्हे. ५ ची पायरी ही कामात मधे मधे उसंत मिळते या गृहीतकावर केलेली तडजोड होती. अमेरिकेच्याच व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ८५ डेसिबल आणि ३ ची पायरी सुचवली. फरक केवढा पडतो पाहा: १०० डेसिबलचा आवाज जुन्या तक्त्यात २ तास चालतो, नव्यात १५ मिनिटं.

८५ म्हणजे ‘सुरक्षित’, ही समजूत इथेच पाय घसरवते. त्याच संस्थेच्या अंदाजानुसार ४० वर्षं ८५ डेसिबलमध्ये काम करणाऱ्या १०० पैकी सुमारे ८ जणांना केवळ आवाजामुळे लक्षणीय श्रवणदोष होतो, ९० मध्ये सुमारे २५ जणांना. म्हणजे ८५ हा ‘एवढं नुकसान पत्करू’ असा आकडा आहे, तोही पगार घेऊन काम करणाऱ्या प्रौढासाठी, आणि संध्याकाळी भोंगा झाल्यावर कानाला शांतता मिळेल असं धरून. धोट्याच्या मागांच्या खात्यात ९५ ते १०५ डेसिबल आवाज असे, तो गिरणीत असो की मागावर. तिथून घरी आलेल्या कामगाराचा कान रात्री तरी विसावत असे. इयरफोन लावून झोपणाऱ्याचा रात्रीही विसावत नाही.

खुद्द इयरफोनचा इतिहास सुरुवातीला निरुपद्रवी आहे. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात लोकांनी ऑपेरा ऐकला तो दोन्ही कानांना टेलिफोनचे रिसीव्हर लावून. १९१० मध्ये नॅथानिएल बाल्डविनने यूटामधल्या आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले. १९५८ मध्ये जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. पण ही सगळी साधनं माणसाला एका जागी बसवून ठेवणारी होती.

फरक पडला १ जुलै १९७९ ला, सोनीच्या वॉकमनने. माणूस गाणी घेऊन रस्त्यावर निघाला, आणि रस्त्याचा आवाज झाकायला गाण्याचा आवाज वाढवू लागला. दुष्परिणाम म्हणून लोकांच्या डोळ्यांत आधी भरला तो अपघात, कान नव्हे: १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यावर बंदी घातली. कॅसेटच्या काळात निसर्गानेच एक लगाम ठेवला होता. ९० मिनिटांत कॅसेट संपे आणि पेन्सिल सेल दिवसभर टिकत नसत. तो लगाम पुढे सुटला. २००१ च्या आयपॉडने तासन्‌तास न थांबता वाजण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये तो विक्रीतून काढावा लागला, कारण तिथल्या कायद्याची मर्यादा १०० डेसिबलची होती. सॉफ्टवेअर बदलून तो परत आला.

आपल्याकडे इयरफोन घरोघरी पोचला तो वेगळ्या दाराने. २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम सुरू झालं आणि पाठोपाठ रेडिओ असलेले स्वस्त मोबाइल आले. त्यांत इयरफोनची वायर हीच अँटेना असे, ती खोचल्याशिवाय स्टेशन लागतच नसे. वॉचमनच्या खुर्चीपासून शेताच्या बांधापर्यंत इयरफोन गेला त्यात या बारीकशा तांत्रिक अडचणीचा वाटा मोठा. नंतर कॉल सेंटरच्या रात्रपाळ्या, २०१६ नंतरचा स्वस्त डेटा आणि २०२० च्या ऑनलाइन शाळा.

‘६०-६०’चा उगम २००४ चा. ब्रायन फ्लिगर आणि क्लार्क कॉक्स यांनी बोस्टनमध्ये पोर्टेबल सीडी प्लेअर मोजले. पूर्ण आवाजावर वेगवेगळ्या जोड्यांमधून ९१ ते १२१ डेसिबल निघाले. त्यांचा निष्कर्ष: प्लेअरसोबत आलेले हेडफोन असतील तर आवाज ६० टक्क्यांवर ठेवून दिवसाला १ तास. टक्क्यांचा हा हिशेब त्या सीडी प्लेअरचा होता. आजच्या फोनवरचे ६० टक्के किती डेसिबल होतात हे फोन, इयरफोन आणि गाणं या तिघांवर ठरतं. कानात खोलवर बसणारा इयरफोन तेवढ्याच टक्क्यांवर कानावरच्या हेडफोनपेक्षा जास्त आवाज देतो. सल्ला वाईट नाही, पण त्याला शास्त्राचा नियम समजू नये.

खऱ्या अर्थाने इयरफोनसाठी ठरलेला आकडा उशिरा आला. २००८ मध्ये युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने सांगितलं, की ८९ डेसिबलच्या वर रोज तासाभराहून अधिक, पाच वर्षं ऐकणाऱ्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना कायमचा श्रवणदोष होण्याचा धोका आहे. त्यातून ८५ डेसिबल ओलांडताना फोनवर येणारा तो इशारा आला, जो आपण न वाचता ‘ओके’ करतो. मग जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून २०१९ मध्ये मानक जाहीर केलं: प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, मुलांना ७५ चे ४० तास. ४० तास हा कामाचा आठवडाच आहे, पण ऊर्जा ८५ च्या जेमतेम एक तृतीयांश.

हा कोटा कसा खर्च होतो ते ३ च्या पायरीने काढता येतं. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास, ९८ ला ३७ मिनिटं, आणि हे सगळं आठवड्याला. घरच्या शांततेत ८० वर छान ऐकणारा माणूस विरार लोकलच्या दारात उभा राहून १२ डेसिबलने वाढवतो तेव्हा त्याच्या हातात अडीच तास उरतात. चर्चगेटला जाऊन-येऊनच तीनच्या आसपास होतात. आठवड्याचा कोटा सोमवारी संपला.

म्हणून महत्त्वाचं काय, तर आवाज वाढवायची गरजच कमी करणं. रबरी बोंडी कानात घट्ट बसत नसेल तर बास गळतो आणि हात आपोआप बटणाकडे जातो. पेटीत मिळणाऱ्या तिन्ही मापांची बोंडी लावून पाहावीत, दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. बाहेरचा गोंगाट उलट लहरीने मारणारे हेडफोन विमानाच्या आणि रेल्वेच्या घरघरीवर उत्तम चालतात, माणसांच्या बोलण्यावर कमी. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र दोन्ही प्रकार काढूनच ठेवायचे. आयफोनमध्ये ‘हेडफोन सेफ्टी’त ‘रिड्यूस लाउड ऑडिओ’ (जुन्या आवृत्त्यांत ‘रिड्यूस लाउड साउंड्स’) चालू करून ८० किंवा ८५ वर अडवता येतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ सापडते. मुलाच्या फोनवर ती पासवर्ड घालून लावता आली तर तशी लावावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने इयरफोन दिवसाला २ तासांच्या आत आणि ५० डेसिबलच्या आत ठेवायला सांगितलं. हेतू चांगला, पण साधं बोलणंच ६० च्या घरात असतं. ५० डेसिबल बसमध्ये ऐकूच येणार नाही. न पाळता येणारा आकडा लोक सरळ सोडून देतात.

आवाजाखेरीजचे त्रास थोडक्यात. बोंडी रोज तासन्‌तास घातली की मळ बाहेर सरकत नाही, आत दाबला जाऊन बसतो. वर कानकाडी घातली की आणखी आत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, घामट दमट कानात बुरशी धरते: आधी खाज, मग दडे, मग पाणी. अशा वेळी मनाने तेल घालू नये. सिलिकॉनची बोंडी काढून आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळल्यावरच लावावीत, आणि दुसऱ्याचे इयरफोन वापरू नयेत. ब्लूटूथच्या लहरींची भीती मात्र जास्तीची आहे. बहुतेक इयरफोनची प्रक्षेपणशक्ती काही मिलिवॅट असते, कानाला लावलेल्या फोनपेक्षा पुष्कळ कमी.

ऐकून झाल्यावर कानात दडे बसणं किंवा बारीक शिट्टी वाजणं सकाळपर्यंत जातं, म्हणून ते पूर्वी किरकोळ मानलं जाई. २००९ मध्ये हार्वर्डच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना २ तास १०० डेसिबल ऐकवले. उंदरांचं ऐकणं काही आठवड्यांत पूर्ववत झालं, केसपेशी शाबूत दिसल्या. पण त्या पेशींना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे काही भागात निम्म्याच्या आसपास कायमचे गेले होते. माणसात हे कितपत घडतं यावर वाद चालू आहे. मात्र आलेख चांगला येऊनही गर्दीत बोलणं न कळणाऱ्या तरुणांच्या तक्रारीकडे तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

एका कानाने अचानक, दिवसा-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. उपचार लवकर सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त. नेहमीच्या तपासणीला जाताना ३००० आणि ६००० हर्ट्झचीही नोंद मागावी, कारण शिबिरांत बहुधा ५००, १०००, २००० आणि ४००० वरच भागवतात आणि ३००० किंवा ६००० ला पडलेला खड्डा निसटतो. आदल्या संध्याकाळपासून, निदान १४ तास, इयरफोन आणि डीजे दोन्हींपासून लांब राहावं. नाहीतर नुसता दडे बसलेला कान आलेखात बहिरा दिसतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते.