ग्रीन कार्डाची रांग : ७ टक्क्यांचा नियम आला कुठून?

अमेरिकेतल्या भारतीय अभियंत्यांची ग्रीन कार्डासाठीची रांग दशकाहून लांब आहे. तिचं मूळ १९६५ च्या हार्ट-सेलर या स्थलांतर कायद्यात सापडतं, आणि तो तर भेदभाव मोडायला आणलेला कायदा! १९२४ पासूनच्या देशवार कोट्यांत उत्तर-पश्चिम युरोपला झुकतं माप होतं. भारतीयांना १९४६ साली वर्षाला १०० जागा मिळाल्या, तेवढ्याच. १९६५ मध्ये हे कोटे गेले आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला २०,००० ची सारखी कमाल मर्यादा आली. भारतातून जाणारे तेव्हा थोडे असल्यानं ती कुणाला टोचली नाही.

खरी गाठ बसली १९९० सालच्या कायद्यानं. नोकरीच्या आधारे वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात एका देशाला ७ टक्के, म्हणजे साधारण ९,८००. नवरा-बायको, मुलं यांचीही मोजणी त्यातच. चौघांच्या घराला चार कार्डं लागतात. त्याच कायद्यानं एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसाच्या वर्षाला ६५,००० जागा ठेवल्या, पण तिथे देशवार मर्यादा घातली नाही. २००० साली रांगेतल्यांना सहा वर्षांपुढे एच-१बी वाढवून घेण्याची सोय झाली. रांग काही हलली नाही, तिच्यात उभं राहणं तेवढं सोपं झालं.

कंपनी कामगार खात्याकडे अर्ज करते ती तारीख म्हणजे ‘प्रायॉरिटी डेट’. मग आय-१४० हा कंपनीनं कर्मचाऱ्यासाठी केलेला अर्ज मंजूर होतो, आणि दरमहा निघणाऱ्या ‘व्हिसा बुलेटिन’ या सरकारी पत्रकात आपली तारीख आली की आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज भरायचा. देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. पत्नीचा जन्म दुबईतला असेल तर तिच्या देशाच्या खात्यावर अर्ज चालतो. ही पळवाट पुष्कळांना उशिरा कळते.

जुलै २००७ च्या बुलेटिननं जवळपास सगळ्या तारखा खुल्या केल्या, म्हणजे रांगेतल्या जवळपास कुणालाही आय-४८५ भरता येणार होता. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, आणि २ जुलैला सरकारनं शब्द फिरवून अर्ज घ्यायला नकार दिला. चिडलेल्या अर्जदारांनी गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ धाडले; ते पुढे लष्करी रुग्णालयात पाठवले गेले. १७ जुलैला तो नकाराचा निर्णय मागे घेतला गेला.

देशवार मर्यादा उठवणारं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटनं डिसेंबर २०२० मध्ये वेगळाच मसुदा संमत केला. दोन्हींचा मेळ बसण्याआधी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली. विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता: १,४०,००० चा आकडा तसाच ठेवून भारतीयांची रांग पुढे सरकवायची, तर इतर देशांच्या अर्जदारांना मागे उभं राहावं लागणार होतं.