त्रियानोनचा तह : भाषेची सीमा आणि रेल्वेची सीमा

४ जून १९२० रोजी व्हर्सायच्या परिसरातील ग्रँड त्रियानोन राजवाड्यात पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीच्या प्रतिनिधींनी शांतता तहावर सह्या केल्या. क्रोएशिया वगळता सुमारे २ लाख ८२ हजार चौरस किलोमीटरचे हे राज्य त्यामुळे ९३ हजारांवर आले आणि लोकसंख्या १ कोटी ८२ लाखांवरून साधारण ७६ लाखांवर उतरली. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. नवी सीमा नेमकी त्याच गावांमधून का गेली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि या तहाचे मर्म त्यातच आहे.

जुने राज्य एकभाषिक नव्हते. १९१० च्या जनगणनेत हंगेरियन मातृभाषा असलेले लोक निम्म्याहून थोडेच अधिक होते. उरलेल्यांत रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब आणि रुथेनियन होते. शाळांमधून हंगेरियन भाषा त्यांच्यावर लादली जात होती, आणि १९०७ चा शिक्षण कायदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. तो कायदा करणारे मंत्री काउंट आल्बर्ट आपोनी हेच पुढे जानेवारी १९२० मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेला हंगेरीच्या शिष्टमंडळाचे नेते म्हणून गेले आणि वादग्रस्त प्रदेशांत सार्वमत घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली. मागणी न्याय्य होती. परंतु ज्यांच्या नावाने ती केली जात होती, त्या लोकांना तिच्यावर विश्वास ठेवण्यास फारसे कारण उरले नव्हते.

शिवाय तोपर्यंत निर्णय झालेला होता. ऑगस्ट १९१६ च्या गुप्त करारात मित्रराष्ट्रांनी रुमानियाला ट्रान्सिल्व्हेनिया हा हंगेरीच्या पूर्वेकडील प्रदेश देऊ केला होता, आणि १ डिसेंबर १९१८ रोजी आल्बा यूलिया येथील सभेत तेथील रुमानियनांनी विलीनीकरणाची घोषणाही केली होती. फेब्रुवारी १९१९ पासून फ्रेंच मुत्सद्दी आंद्रे तार्द्यू यांच्या अध्यक्षतेखालील शांतता परिषदेची समिती प्रत्यक्ष सीमारेषेवर काम करीत होती. भाषेच्या आधारे आखलेली सीमा बरीच पूर्वेकडे राहिली असती. मात्र सातू मारे, ओरादिया आणि आराद ही शहरे जोडणारा, मैदानाच्या कडेने उत्तर-दक्षिण धावणारा लोहमार्ग अखंड रुमानियाकडे राहिला पाहिजे, असे समितीने मानले. त्याशिवाय रुमानिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यातील दळणवळण टिकले नसते. परिणामी, ज्या शहरांत हंगेरियन भाषिकांचे बहुमत होते, ती रुळांबरोबरच सीमेपलीकडे गेली. उत्तरेला डॅन्यूब नदीच हद्द ठरली आणि कोमारोम शहराचे दोन देशांत दोन भाग झाले. नव्या राज्यांत एकूण ३० लाखांहून अधिक हंगेरियन भाषिक राहिले.

सार्वमत झाले ते ऑस्ट्रियाच्या सीमेवरील शोप्रोन आणि आसपासच्या गावांपुरतेच, डिसेंबर १९२१ मध्ये, आणि तेथील बहुसंख्यांनी हंगेरीच्या बाजूने कौल दिला. इतर ठिकाणच्या लोकांना कोणी विचारले नाही.

ऑगस्ट १९४० मध्ये जर्मनी आणि इटलीने व्हिएन्नात दिलेल्या निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला परत मिळाला. सातू मारे आणि ओरादिया हंगेरीकडे आले, आराद रुमानियातच राहिले, आणि ज्या लोहमार्गासाठी १९१९ मध्ये इतका आटापिटा झाला होता, तोच मधोमध तुटला. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने हंगेरीची सीमा जवळपास जशीच्या तशी त्रियानोनच्या रेषेवर परत नेली. फक्त ब्रातिस्लाव्हासमोरील तीन गावे तेवढी आणखी चेकोस्लोव्हाकियाला मिळाली.