हंगामपूर्व चाचणी (फॉर्म्युला वन)

हंगामपूर्व चाचणी : फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीत वर्षाची पहिली शर्यत होण्याआधी, साधारणपणे जानेवारीअखेर ते मार्चच्या पूर्वार्धात, सर्व संघ ठरलेल्या सर्किटवर आपल्या नव्या गाड्या चालवून पाहतात, त्यास हंगामपूर्व चाचणी म्हणतात. ‘हिवाळी चाचणी’ हा शब्दही रूढ आहे. नव्या गाडीची अगदी पहिली, थोड्या अंतराची फेरी म्हणजे ‘शेकडाउन’. तिचा हेतू फक्त गळती, जोडण्या व विद्युतयंत्रणा तपासण्याचा असतो, म्हणून ती या नोंदीच्या कक्षेत येत नाही. गाडीच्या जाहीर अनावरणाचा समारंभही वेगळा समजावा. तिथे दाखवली जाणारी गाडी पुष्कळदा जुन्या सांगाड्यावर नवा रंग दिलेली असते.

उगम : या प्रथेची सुरुवात केव्हा झाली याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ टायरच्या चाचण्यांत आहे. १९६५ च्या मेक्सिको शर्यतीत गुडइयरच्या टायरवर धावणाऱ्या होंडाने विजय मिळवला आणि त्यानंतर गुडइयर, फायरस्टोन व डनलॉप यांच्यात तीव्र स्पर्धा सुरू झाली. टायर कंपन्या स्वखर्चाने संघांना उबदार हवेच्या सर्किटवर नेऊ लागल्या. दक्षिण आफ्रिकेतील कायलामी हे त्यांचे आवडते ठिकाण होते. दुसरे मत फेरारीला मान देते. १९७२ मध्ये फेरारीने इटलीतील मारानेल्लोजवळ फिओरानो हे स्वतःचे सर्किट उघडले आणि शर्यतींच्या मधल्या काळात सतत चालवून पाहण्याची शिस्त घातली. १९७४ पासून चालक निकी लाउडाने तिथे घेतलेली मेहनत फेरारीच्या पुनरुत्थानामागे होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

या दोन्ही मतांत तथ्य आहे. पण टायरची चाचणी टायर कंपनीच्या प्रश्नांसाठी होती आणि फिओरानो एका संघापुरते होते. सर्व प्रतिस्पर्धी एकाच वेळी, एकाच ठिकाणी आपापल्या नव्या गाड्या आणतात, हे आजच्या चाचणीचे मुख्य लक्षण या दोन्हींत सापडत नाही. ते सापडते विजेतेपदाबाहेरच्या वसंतकालीन शर्यतींत. सिल्व्हरस्टोनची इंटरनॅशनल ट्रॉफी (१९४९ पासून) आणि ब्रँड्स हॅचची रेस ऑफ चॅम्पियन्स (१९६५ पासून) यांना गुण नसत, पण नवी गाडी इतरांच्या शेजारी उभी करून पारखण्याची सोय त्यांत होती. १९८३ ची रेस ऑफ चॅम्पियन्स ही विजेतेपदाबाहेरची अखेरची फॉर्म्युला वन शर्यत ठरली. ती केके रोसबर्गने जिंकली. त्याच सुमारास हंगामाची पहिली शर्यत रिओ दी जानेरोच्या जाकारेपाग्वा सर्किटवर होऊ लागली आणि शर्यतीच्या काही आठवडे आधी संघ तिथेच सरावाला जमू लागले. रिओच्या चाचण्यांनी त्या शर्यतींची रिकामी झालेली जागा घेतली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९८३ पूर्वीही सामूहिक चाचण्या होत असत, त्यामुळे हे वर्ष सीमारेषा म्हणून काटेकोरपणे घेऊ नये.

या काळातील सर्वांत बोलके उदाहरण १९८८ चे आहे. मॅक्लारेनची एमपी४/४ वेळेत तयार झाली नाही, म्हणून रिओच्या चाचणीला ती गेलीच नाही. पहिल्या शर्यतीच्या जेमतेम आधी ती इमोला येथे धावली आणि इतर गाड्यांपेक्षा इतकी वेगवान निघाली की हंगामाचा निकाल तिथेच कळला म्हणावे. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती तिने जिंकल्या.

निर्बंध : १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे चाचणीला जवळजवळ मर्यादा नव्हती. मोठे संघ केवळ चाचणीसाठी स्वतंत्र चमू व चालक ठेवत. फेरारीचा लुका बाडोएर हा त्यांतला प्रसिद्ध. खर्च आवाक्याबाहेर गेल्यावर २००७ मध्ये वर्षाला ३०,००० किमीची मर्यादा आली. २००९ मध्ये ती १५,००० किमी झाली आणि हंगाम सुरू असतानाची चाचणी बंद करण्यात आली. त्याच वर्षी फेरारीचा चालक फेलिपे मासा जखमी झाल्यावर बाडोएरला शर्यतीत उतरवावे लागले. इतकी वर्षे फेरारीच्या गाड्या चालवणारा हा माणूस त्या वर्षीची गाडी धड न चालवताच मैदानात उतरला आणि दोन्ही शर्यतींत शेवटचा आला. बंदीचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कशाने होणार?

पुढे दिवस घटत गेले : २०१९ मध्ये आठ, २०२० मध्ये सहा, २०२१ मध्ये तीन. २०२१ पासून खर्चावरही कमाल मर्यादा (सुरुवातीला १४.५ कोटी डॉलर) आहे. २०२६ साठी सर्व नियम बदलल्याने दिवस पुन्हा वाढवण्यात आले : २६ ते ३० जानेवारी बार्सिलोना येथे बंद दाराआड, प्रत्येक संघाला पाचपैकी तीन दिवस, नंतर ११ ते १३ आणि १८ ते २० फेब्रुवारी बहारीन येथे.

चाचणीत काय पाहतात : पहिला प्रश्न टिकाऊपणाचा. बहारीनचे सर्किट ५.४१२ किमीचे आहे. चांगल्या दिवशी एक गाडी दीडशे फेऱ्या मारते, म्हणजे सु. ८१० किमी. सोलापूरहून पुण्याला जाऊन परत यावे आणि पुन्हा पुणे गाठूनही अंतर उरावे, एवढे ते होते, आणि तेही बहुतांशी शर्यतीच्या वेगाने. २०१४ मध्ये संकरित (इंधन व वीज दोन्हींवर चालणारी) इंजिने आली तेव्हा स्पेनमधील हेरेथच्या चार दिवसांत रेड बुलची गाडी जेमतेम २१ फेऱ्या पूर्ण करू शकली. मागील चार विजेतेपदे याच संघाची होती. मर्सिडीज मात्र न थांबता धावत राहिली आणि पुढचा सगळा काळ तिचा झाला.

दुसरा प्रश्न मेळाचा. वायुबोगद्यात (प्रतिकृतीवर वारा सोडून पाहण्याच्या बोगद्यात) आणि संगणकावर जे दिसले ते सर्किटवर खरे ठरते का, हे पाहण्यासाठी गाडीवर दाबमापक नळ्यांच्या जाळ्या बसवतात, पृष्ठभागाला हिरवट किंवा रंगीत द्रव फासतात आणि वाऱ्याने ओढलेल्या त्याच्या रेघा वाचतात. वायुबोगद्यातील प्रतिकृती मूळ आकाराच्या ६० टक्क्यांहून मोठी चालत नाही आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किमीपेक्षा अधिक ठेवता येत नाही. प्रयोगाचा वेळही क्रमवारीनुसार मिळतो : २०२२ पासून विजेत्या संघाला पायाभूत वेळेच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. या मर्यादेचा फटका २०२२ मध्ये दिसला. तळाखालून हवा खेचून पकड मिळवणाऱ्या नव्या गाड्या बार्सिलोनाच्या सरळ पट्ट्यावर उसळू लागल्या. वेग वाढला की तळ रस्त्याकडे ओढला जाई, हवेचा मार्ग कोंडे, ओढ सुटे आणि गाडी वर येई, सेकंदाला अनेकदा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा दोष ओळखीचा होता, पण ताशी १८० किमीच्या बोगद्यात तो उमटलाच नव्हता. २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिमी वर घेण्यात आल्या.

थंडी हा तिसरा, दुर्लक्षित मुद्दा. फेब्रुवारीतल्या बार्सिलोनात हवा इतकी गार असते की शीतनयंत्रणेची खरी परीक्षा होत नाही. २०१८ मध्ये तर बर्फामुळे जवळजवळ एक पूर्ण दिवस वाया गेला. इंजिन थंड हवेत नीट चालले म्हणून ते उन्हाळ्यातही चालेल असे नाही, हे सोलापूरच्या वाचकाला पटवावे लागणार नाही. बहारीनला पसंती मिळाली त्याचे हे एक कारण होय.

वेळांचा अर्थ : चाचणीतील फेरीच्या वेळेवरून क्रमवारी लावण्याचा मोह टाळावा. दहा किलो इंधन फेरीमागे सु. ०.३ सेकंद खाते. कोणाच्या टाकीत किती इंधन होते हे बाहेर कळत नाही, आणि ९० किलोंचा फरक असेल तर जवळपास २.७ सेकंद लपतात. २००१ च्या हिवाळ्यात प्रोस्ट संघ वेगवान दिसला. प्रायोजक मिळवण्यासाठी कमी इंधनावर गाडी पळवली गेली असावी, असे मत प्रचलित आहे. हंगामात त्या संघाला चार गुण मिळाले आणि २००२ च्या जानेवारीत तो बंद पडला. २००९ मध्ये ब्रॉन संघ शेवटच्या क्षणी, मार्चमध्ये बार्सिलोनाला आला आणि सर्वांपेक्षा वेगवान ठरला. तेव्हाही अनेकांनी तसाच संशय घेतला, पण दुहेरी डिफ्यूझरची (तळाखालची हवा मागून बाहेर सोडणाऱ्या भागाची) ती गाडी खरोखरच वेगवान होती आणि तिने चालकांचे व संघांचे अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. २०१९ मध्ये फेरारी चाचणीत पुढे होती. हंगामाच्या पहिल्या पाचही शर्यतींत पहिले दोन क्रमांक मर्सिडीजने घेतले. लांब पल्ल्याच्या सलग फेऱ्या आणि टायर किती लवकर झिजतो हे पाहणारे अभ्यासक त्यामानाने कमी चुकतात.

नवा सांगाडा व कार्बनचे कापड : २०१२ पासून गाडीने सर्व धडक-चाचण्या उत्तीर्ण केल्याशिवाय तिला हंगामपूर्व चाचणीत उतरता येत नाही. या चाचण्या प्रामुख्याने चालकाभोवतीच्या कवचाच्या असतात आणि ते कवच कार्बनतंतूच्या कापडाचे असते. कार्बनचा पहिला सांगाडा कोणाचा, हा जुना वाद आहे. अभिकल्पक कॉलिन चॅपमनची लोटस ८८ (कार्बन व केव्हलार हा मजबूत कृत्रिम तंतू) १९८१ च्या मार्चमध्ये लाँग बीचला दिसली, पण दुहेरी सांगाड्यामुळे तिला शर्यतीतून बाद करण्यात आले. अभिकल्पक जॉन बर्नार्डची मॅक्लारेन एमपी४/१, जिचे कवच अमेरिकेतील हर्क्युलिस कंपनीने तयार केले, प्रत्यक्ष शर्यतीत उतरली आणि जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला जॉन वॉटसनने तिच्यावर शर्यत जिंकून दाखवली. सर्किटवर आधी कोण आले एवढेच पाहिले तर काही जण लोटसचे नाव घेतात. शर्यत धावण्याचा निकष लावला तर मॅक्लारेन. दुसरा निकष अधिक स्वीकारला जातो. कार्बनवर त्या वेळी विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होते : १९७५ मध्ये बार्सिलोनाच्या माँटज्यूइक सर्किटवर हिल संघाच्या गाडीच्या मागील पंखाचा कार्बनचा आधार तुटून प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. १९८१ च्या मोंझा शर्यतीत वॉटसनची गाडी आदळून दोन तुकडे झाली, तरी कवच शाबूत राहिले आणि तो चालत बाहेर आला. त्यानंतर शंका मिटत गेली.

या कापडाची रचना सोलापूरसारख्या हातमाग-यंत्रमागाच्या गावाला नवी नाही. सहा-सात मायक्रॉन जाडीचे हजारो तंतू एकत्र येऊन एक पेड होतो. तीन हजार, सहा हजार, बारा हजार तंतूंचे पेड मिळतात. साध्या विणीत ताणा व बाणा एकाआड एक वर-खाली जातात. वीण घट्ट राहते, पण वळणदार साच्यावर सुरकुत्या पडतात. ट्विल विणीत ताण्याचा पेड बाण्याच्या दोन पेडांवरून जाऊन पुढच्या दोहोंखालून जातो आणि हा क्रम दर ओळीत एका पेडाने सरकतो. त्यातूनच तिरक्या रेघा उमटतात. पेडांची अडवणूक कमी असल्याने हे कापड गाडीच्या नाकाच्या, साइडपॉडच्या (दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांच्या) गोलाईवर छान बसते. पण विणीत प्रत्येक पेड वर-खाली वाकतो, आणि वाकलेला पेड ओढला की आधी सरळ होतो, म्हणजे तेवढा ताठरपणा कमी. म्हणून जिथे भार एकाच दिशेने येतो तिथे न विणलेले, फक्त ताणाच असावा तसे एकदिश थर घालतात. थरांचा क्रम व कोन ठरवणे हे अभिकल्पाचे खरे गुपित असते. कापडात रेझिन (उष्णतेने घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ) आधीच भिनवलेले असल्याने ते उणे १८ अंशांच्या आसपास साठवतात. साच्यात थर रचून, मधे मधमाशीच्या पोळ्यासारख्या रचनेचा गाभा घालून, उष्णता व दाब देणाऱ्या बंद भट्टीत पक्के करतात. २०२२-२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी अनेक संघांनी गाडीचा रंगच खरवडला, तेव्हा हे काळे कापड उघडे दिसू लागले.

२०२६ चे नियम : किमान वजन ७६८ किग्रॅ., पुढील व मागील चाकांतील कमाल अंतर ३,४०० मिमी, रुंदी १,९०० मिमी. निष्कास-वायूंवर चालणारी विद्युतजनित्र यंत्रणा वगळण्यात आली आणि मागील चाकांना शक्ती पुरवणाऱ्या विद्युत मोटरची शक्ती ३५० किलोवॉट करण्यात आली, त्यामुळे निम्म्याच्या जवळपास शक्ती विजेची झाली. पुढील-मागील पंखांची पाती सरळ पट्ट्यावर झोपतात, वळणावर उभी राहतात. इंधन पूर्णतः शाश्वत स्रोतांचे. आउडीने साउबर संघाची जागा घेतली आणि कॅडिलॅक हा नवा संघ आल्याने संघ अकरा झाले.

भारत, महाराष्ट्र व सोलापूर : नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनसाठी शर्यतींत उतरला आणि २००६-०७ मध्ये विल्यम्सचा चाचणीचालक होता. फोर्स इंडिया संघाने २००८ ते २०१८ या काळात भारतीय परवान्यावर भाग घेतला. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन शर्यती झाल्या, पण हंगामपूर्व चाचणी भारतात झालेली नाही. महाराष्ट्रात वाहनचाचणीची परंपरा वेगळी, प्रवासी व लष्करी वाहनांची आहे : पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन (१९६६) आणि अहिल्यानगरची लष्करी वाहन संशोधन संस्था. सोलापुरात १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-विदेशी मोटारींसाठी बीडाचे (ओतीव लोखंडाचे) कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारे दंड, ओतते. शर्यतीच्या इंजिनात हेच भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढतात, कारण तिथे फेरे मिनिटाला १५,००० पर्यंत जाऊ शकतात.

बहारीनची वेळ भारतीय वेळेपेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे सकाळी दहाला सुरू होणारे सत्र इथे दुपारी साडेबाराला सुरू होते.